एक्सवेलँड म्हणजे नक्कल नव्हे

नागपुरात लिनक्स वापरणाऱ्या आम्हा मंडळींत एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: वेलँडवर, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या नव्या पद्धतीवर, एक्स-११ या आधीच्या पद्धतीसाठी लिहिलेले जुने प्रोग्रॅम चालत नाहीत, आणि चाललेच तर त्यांच्यासाठी ठेवलेल्या एक्सवेलँडच्या नकली यंत्रणेत रखडत चालतात. हा समज चुकीचा आहे. एक्सवेलँड हा खराखुरा एक्स सर्व्हर, म्हणजे एक्स-११ च्या प्रोग्रॅमच्या खिडक्या हाताळणारा प्रोग्रॅम, असून २०१४ ते २०२१ या काळात तो एक्स-ऑर्ग या नेहमीच्या एक्स सर्व्हरच्या प्रकाशनांचाच भाग होता. फरक इतकाच, की तो पडद्याचा ताबा स्वतः न घेता खिडकीचे तयार चित्र वेलँडच्या कंपोझिटरकडे (सगळ्या खिडक्या जुळवून पडद्यावर मांडणाऱ्या प्रोग्रॅमकडे) सोपवतो आणि कीबोर्ड व माउसच्या हालचाली त्याच्याकडूनच घेतो. ग्राफिक्स कार्डाचा वेगही त्याला मिळतो.

धरमपेठेतल्या माझ्या टेबलावर गिंप २.१० हा एक्स-११ वर चालणारा, चित्रे सुधारण्याचा प्रोग्रॅम असाच एक्सवेलँडमधून रोज चालतो.

मर्यादा मात्र खऱ्या आहेत आणि त्या लपवू नयेत. एक्स-आइज हा माउसच्या बाणाकडे पाहत राहणारे दोन डोळे दाखवणारा एक्सचा छोटा प्रोग्रॅम उघडून पाहा: माउसचा बाण वेलँडच्या खिडकीवर गेला की ते डोळे थबकतात, कारण तिथली हालचाल एक्सच्या प्रोग्रॅमला कळूच दिली जात नाही. एक्स-११ च्या जुन्या स्क्रीन-रेकॉर्डरला वेलँडच्या खिडक्या दिसत नाहीत, त्याचे कारणही हेच. हा बिघाड नसून वापरणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी जाणीवपूर्वक घातलेले बंधन आहे.