असमान फोकस (ड्रोन कॅमेरा)

असमान फोकस : ड्रोनच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रात चौकटीचा काही भाग रेखीव आणि उरलेला भाग, बहुधा एक कड किंवा एखादा कोपरा, पुसट येणे. कॅमेऱ्यापासून दृश्याचे अंतर सर्वत्र जवळजवळ सारखे असतानाही हा फरक पडतो, हे या दोषाचे मुख्य लक्षण होय. संपूर्ण चौकट सारखीच पुसट असेल, तर फोकस चुकलेला असतो. तो वेगळा प्रकार असून त्याचा विचार येथे केलेला नाही. शालेय पाठ्यपुस्तकांत ‘नाभी’ व ‘नाभीय अंतर’ हे शब्द येतात, तर जुन्या शास्त्रीय लेखनात ‘केंद्रांतर’ आढळते. सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात लग्नाचे चित्रीकरण किंवा शेतजमिनीची पाहणी करणारे व्यावसायिक ‘एका साइडने सॉफ्ट येतंय’ एवढेच म्हणतात. प्रस्तुत नोंदीत रूढ असलेला ‘फोकस’ हाच शब्द ठेवला आहे.

या दोषाचे खापर पुष्कळदा क्षेत्रखोलीवर, म्हणजे ज्या पट्ट्यातील वस्तू एकाच वेळी रेखीव उमटतात त्या पट्ट्याच्या अपुरेपणावर, फोडले जाते. उंचावरून घेतलेल्या छायाचित्रांच्या बाबतीत ते बहुधा चुकीचे ठरते, आणि ते का, हे आकड्यांवरून स्पष्ट होते. ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा संवेदक (प्रतिमा टिपणारा सेन्सर) प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मि.मी. आकाराचा असतो. त्याच्यासोबत ८.८ मि.मी. नाभीय अंतराचे भिंग आहे असे धरल्यास, अनंत अंतरावरील वस्तू आणि ६० मीटरवरील वस्तू यांच्या प्रतिमा भिंगामागे ज्या दोन प्रतलांवर तयार होतात, त्यांत केवळ १.३ मायक्रॉनचे अंतर असते; १० मीटरवरील वस्तूसाठी ते सुमारे ७.७ मायक्रॉन भरते. उलट एफ/२.८ या छिद्रमानावर (हा अंक जितका लहान तितके भिंगाचे छिद्र मोठे) आणि २.४ मायक्रॉनच्या पिक्सेलवर, दोन पिक्सेलइतका पुसटपणा चालवून घेतला, तर संवेदक योग्य जागेपासून पुढे-मागे सुमारे १३ मायक्रॉनपर्यंत सरकलेला चालतो. त्यामुळे तीन मीटर वाढलेला ऊस आणि शेजारचे मोकळे रान यांच्या उंचीतील फरक ६० मीटरवरून फोकसच्या दृष्टीने शून्यवतच होय. मात्र हेच १३ मायक्रॉन दुसऱ्या बाजूने पाहता फार थोडे आहेत. संवेदकाच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर ६.६ मि.मी. असल्याने, संवेदक सुमारे ७ कलांनी, म्हणजे अंशाच्या साधारण नवव्या हिश्श्याने तिरका बसला, तरी ही मर्यादा कडेला ओलांडली जाते. डोळ्यांना न दिसणारा एवढासा तिरकेपणा चौकटीची एक बाजू पुसट करण्यास पुरेसा असतो.

भिंगाचे प्रतल व प्रतिमेचे प्रतल समांतर नसतील, तर वस्तूकडील रेखीव प्रतलही तिरके होते आणि ही तिन्ही प्रतले एकाच रेषेत छेदतात. हा नियम शाइम्प्फ्लूग नियम म्हणून ओळखला जातो. मात्र त्याच्या जनकत्वाविषयी एकवाक्यता नाही. ऑस्ट्रियन सैन्यातील अधिकारी थिओडोर शाइम्प्फ्लूग (१८६५–१९११) यांनी फुग्यातून घेतलेली तिरकी हवाई छायाचित्रे नकाशासाठी सरळ करून घेण्याच्या पद्धतीवर काम केले आणि त्यांचे ब्रिटिश पेटंट १९०४ सालचे आहे. त्याआधी १९०१ मध्ये फ्रेंच अभियंते ज्यूल कार्पेंत्ये (१८५१–१९२१) यांनी छायाचित्र मोठे करण्याच्या यंत्रासंबंधी घेतलेल्या ब्रिटिश पेटंटात हीच अट मांडलेली आढळते, आणि शाइम्प्फ्लूग यांनी आपल्या पेटंटात कार्पेंत्ये यांचा उल्लेखही केला आहे. काही लेखक त्याहून मागे जाऊन नियमाचे मूळ सतराव्या शतकातील देझार्ग यांच्या भूमितीतील प्रमेयात शोधतात. तेथे प्रतलांच्या छेदाची भूमिती असली, तरी भिंगाचा विचार नाही. म्हणून हे मूळ केवळ गणिती आधार मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कार्पेंत्ये यांचा अग्रक्रम मान्य करूनही हवाई छायाचित्रणासाठी नियमाची पद्धतशीर मांडणी शाइम्प्फ्लूग यांचीच होय, हे मत येथे ग्राह्य धरले आहे. ज्या नियमाचा हवाई छायाचित्रणात एके काळी हेतुपुरस्सर उपयोग केला गेला, तोच ड्रोनच्या नखाएवढ्या भिंगात नको असताना लागू पडतो आणि दोष म्हणून दिसतो.

दुसरे कारण विकेंद्रीकरण, म्हणजे भिंगसंचातील एखादे भिंग सामाईक अक्षापासून बाजूला सरकलेले असणे. या विषयावर कॉनरेडी यांचा १९१९ मधील आणि डुएन ब्राउन यांचा १९६६ मधील लेख पायाभूत मानले जातात. ब्राउन यांनी विकेंद्रीकरणाऐवजी भिंगापुढे बारीक लोलक कल्पिण्याची जुनी मांडणी अपुरी ठरवून कॉनरेडी यांची मांडणी स्वीकारली. आजच्या छायाचित्रमापन (छायाचित्रांवरून मोजमाप करण्याच्या) प्रणालींत पी-१ व पी-२ या नावांनी येणारे सहगुणक तेथूनच आले आहेत. हे सहगुणक आकाराची विकृती सांगतात, पुसटपणा सांगत नाहीत. अंशशोधनानंतर (कॅलिब्रेशननंतर) नकाशावरील बांध सरळ होतो. हरवलेला रेखीवपणा मात्र त्याने परत येत नाही. हा भेद नीट लक्षात न घेतल्याने ‘सॉफ्टवेअर सांभाळून घेईल’ अशी समजूत पसरलेली दिसते. तिसरे कारण क्षेत्रवक्रता, म्हणजे रेखीव प्रतिमा सपाट प्रतलाऐवजी वक्र पृष्ठावर तयार होणे. योझेफ पेट्झव्हाल यांनी १८४० च्या सुमारास आणि झाइडेल यांनी १८५० च्या दशकात तिचे गणित मांडले. ती मध्याभोवती सममित असते, त्यामुळे चारही कोपरे सारखेच पुसट येतात. एकच कड बिघडलेली असेल, तर केवळ क्षेत्रवक्रतेने तिचा उलगडा होत नाही.

परीक्षण : निदानाचा पहिला प्रश्न एकच असतो : पुसटपणा चौकटीला चिकटलेला आहे की दृश्याला? ड्रोन एका जागी स्थिर ठेवून कॅमेरा थेट खाली रोखावा, एक छायाचित्र घ्यावे, ड्रोन जागच्या जागी अर्धा फेरा फिरवून त्याच जमिनीचे दुसरे घ्यावे. दोन्ही चित्रांत चौकटीची डावी कडच पुसट असेल, तर दोष कॅमेऱ्यात आहे. पुसटपणा डावीकडून उजवीकडे गेला, म्हणजेच जमिनीच्या त्याच तुकड्यावर राहिला, तर कारण दृश्यात शोधावे. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी तापलेल्या नांगरटीवरून उठणाऱ्या झळा, पाचट पेटवल्याचा धूर, वाऱ्याने हलणारी पाने यांपैकी काहीतरी तेथे बहुधा सापडते. ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि दुरुस्तीचा खर्च करण्यापूर्वी ती चुकवू नये.

यानंतर भिंगासमोरच्या गोष्टी पाहाव्यात. फिल्टर काढून चाचणी पुन्हा करावी. आटे चुकून तिरका बसलेला किंवा हलक्या प्रतीचा फिल्टर हे कारण वाटते त्यापेक्षा अधिक वेळा निघते. पावसाळ्यात वातानुकूलित गाडीतून काढलेला थंड ड्रोन कृष्णाकाठच्या दमट हवेत लगेच उडवल्यास भिंगावर बाष्प धरते. ते कडेकडून विरते, तेव्हा काही मिनिटे पुसटपणा अगदी असमान दिसतो आणि पुढे आपोआप नाहीसा होतो. ड्रोन पेटीतून काढून पंधरा-वीस मिनिटे सावलीत ठेवल्यावर दोष उरतो का, ते पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

लक्ष्याची निवड नीट करावी लागते. सांगलीतील आयर्विन पूल (१९२९) या कामी उत्तम आहे. त्याच्या दगडी बांधकामात आडवे व उभे सांधे चौकटीच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सारखे मिळतात, आणि नदीकाठावरून पुलाला समोरासमोर उभे राहून ड्रोन हातात धरून अथवा तिवईवर ठेवूनही चित्र घेता येते. उड्डाण करावेच लागत नाही. पुलाची टोके मध्यापेक्षा लांब पडतात, परंतु वर दिलेल्या हिशोबाप्रमाणे शंभर मीटरच्या पुढे त्या फरकाला अर्थ उरत नाही. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्यांचे मनोरे दूरच्या लक्ष्यासाठी वापरता येतात : एकच मनोरा चौकटीच्या डाव्या कडेला, मध्ये व उजव्या कडेला आणून तीन चित्रे घ्यावीत. तेथील वाऱ्यात गिंबलवर, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेवर, ताण येऊन चित्र हलते, म्हणून प्रत्येक जागी किमान पाच चित्रे घेऊन त्यांतील सर्वांत रेखीव चित्रच तुलनेला घ्यावे. मनोऱ्याची उभी कड केवळ आडव्या दिशेचा पुसटपणा दाखवते, ही मर्यादाही ध्यानात ठेवावी.

दिशेचा हा मुद्दा तासगाव भागातील द्राक्षबागांच्या चित्रांत विशेष जाणवतो. मांडवाच्या समांतर ओळी हे डोळ्याला फार सोयीचे लक्ष्य वाटते; पण भिंगात अबिंदुकता असेल, तर चौकटीच्या कडेला मध्याकडून बाहेर जाणाऱ्या रेषा रेखीव आणि त्यांना काटकोनात असणाऱ्या पुसट, किंवा याच्या उलट, असे घडते. एकाच बागेवर ड्रोन काटकोनात वळवून घेतलेल्या दोन चित्रांत तीच कड एकदा चांगली व एकदा वाईट दिसली, तर अबिंदुकतेचा संशय घ्यावा. उड्डाणाच्या वेगाने येणारा पुसटपणाही दिशायुक्त असतो, परंतु तो सबंध चौकटीत एकाच दिशेने पसरतो. सेकंदाला ५ मीटर वेग आणि १/५०० सेकंद उद्भासन असता ड्रोन १ सें.मी. सरकतो, वरील कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ६० मीटरवरून जमिनीवरील सुमारे १.६ सें.मी. व्यापतो, म्हणून हा वाटा अर्ध्या पिक्सेलहून थोडाच अधिक असतो.

निर्णायक चाचणी फोकस पायरीपायरीने बदलण्याची. कॅमेऱ्यात हाताने फोकस करण्याची सोय असल्यास छिद्र पूर्ण उघडे ठेवून अनंतापासून जवळ येत प्रत्येक पायरीवर एक चित्र घ्यावे आणि डावी कड, मध्य व उजवी कड कोणत्या पायरीवर सर्वाधिक रेखीव आहेत, ते टिपून ठेवावे. डावी कड तिसऱ्या, मध्य पाचव्या आणि उजवी सातव्या पायरीवर उत्तम येत असेल, तर तो तिरकेपणा होय. दोन्ही कडा एकाच पायरीवर व मध्य वेगळ्या पायरीवर येत असेल, तर क्षेत्रवक्रता. एखादी कड कोणत्याच पायरीवर रेखीव होत नसेल आणि रात्रीच्या दिव्यांचे ठिपके तेथे शेपूट फुटल्यासारखे दिसत असतील, तर विकेंद्रीकरण. छिद्र एफ/५.६ पर्यंत लहान केल्यावर तिन्ही दोष कमी दिसतात, त्यामुळे त्यावरून कारण ठरवू नये. एफ/११ वर तर विवर्तनाने (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळी चौकटच मऊ होते, कारण प्रकाशबिंदूची चकती तेथे सुमारे १५ मायक्रॉन व्यासाची बनते. सर्व तुलना रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, धारिकांवर करावी. जेपीईजीमध्ये कोपरे ताणून सरळ केलेले व वरून धारदार केलेले असल्याने निष्कर्ष फसतो.

स्थिर फोकसच्या लहान ड्रोनमध्ये पायऱ्या नसतात. तेथे टेबलावर ड्रोन ठेवून छापील मजकुराचा कागद १, २ व ५ मीटरवर चौकटीच्या दोन्ही कडांना आळीपाळीने धरावा. दूरच्या दृश्यात पुसट येणारी कड २ मीटरवर एकाएकी रेखीव झाली, तर त्या बाजूचा फोकस जवळ सरकला आहे, म्हणजेच तिरकेपणा आहे, असे समजावे. स्वयंचलित फोकसच्या पुष्कळ लहान कॅमेऱ्यांत भिंगाची बैठक बारीक पट्टी-स्प्रिंगांवर तरंगती असते. कॅमेरा समोर रोखला असता चित्र चांगले आणि थेट खाली रोखला असता एक कड पुसट, असा बदल दिसल्यास ही बैठक सैल झाल्याचा तर्क करता येतो. ऊसतोडीनंतरच्या खोडव्यात उतरताना कॅमेऱ्याला बसलेला धक्का हे त्याचे या भागातील नेहमीचे निमित्त. संवेदकावरील प्रतिमा उलटी असते. चित्रातील डावी कड ही संवेदकाची उजवी बाजू होय, एवढे दुरुस्ती करणाऱ्यास सांगणे उपयुक्त ठरते.

स्वामित्व योजनेखालील (२०२०) गावठाणांच्या मोजणीमुळे ड्रोनचित्रांवरून नकाशे करण्याची पद्धत ग्रामीण महाराष्ट्रात परिचित झाली आहे. अशा कामात शेजारची चित्रे बहुधा ७० ते ८० टक्के एकमेकांवर येतात. नेहमी एकच कड पुसट असेल, तर जुळणीचे बिंदू त्या बाजूला विरळ होतात आणि जोडलेल्या नकाशात उड्डाणरेषांना समांतर फिकट पट्टे उमटतात. असे पट्टे नियमित अंतराने दिसले, तर हवामानाला दोष देण्यापूर्वी कॅमेरा तपासावा. उड्डाण करून चाचणी घ्यायची असल्यास ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे हिरव्या (पूर्वपरवानगी न लागणाऱ्या) क्षेत्रातील ४०० फुटांची (१२० मीटर) मर्यादा तिलाही लागू आहे.

दुरुस्तीला वाव थोडा आहे. लहान कॅमेऱ्यांत भिंगाची नळी कारखान्यातच संवेदकासमोर जुळवून गोंदाने पक्की केलेली असते, त्यामुळे बाहेर उघडून ती पुन्हा अंशाच्या नवव्या हिश्श्याच्या आत बसवणे हातच्या साधनांनी जमत नाही आणि सबंध कॅमेरा-संच बदलावा लागतो. ९ फेब्रुवारी २०२२ पासून भारतात तयार ड्रोनच्या आयातीवर संरक्षण, सुरक्षा व संशोधन यांचे अपवाद वगळता बंदी आहे. सुट्या भागांना ती लागू नाही. नवा संच बसवल्यावर गिंबलचे अंशशोधन करून, त्याच लक्ष्यावर, त्याच अंतरावरून पायऱ्यांची चाचणी पुन्हा घ्यावी आणि ती चित्रे जुन्या संचाच्या चित्रांशेजारी ठेवून डावी कड, मध्य व उजवी कड एकाच पायरीवर येतात की नाही, ते पाहूनच संच ताब्यात घ्यावा.