ट्योर्बेल : हिवाळ्यात पोसाल तेवढ्याच गायी

सामाईक कुरणांचा विषय निघाला की कुणीतरी ट्योर्बेलचं नाव घेतंच. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला वालिस नावाचा कँटन, म्हणजे प्रांत, आहे. तिथे मॅटर आणि सास ही दोन खोरी जिथे फुटतात त्या श्टाल्डेनच्या वर, साधारण १५०० मीटर उंचीवर उताराला बिलगलेलं हे जर्मन बोलणारं गाव. वस्ती पाचशेच्या आसपास. मॅटरहॉर्न बघायला निघालेले पर्यटक खालून आगगाडीने पुढे जातात आणि ट्योर्बेल त्यांच्या डोक्यावर राहतं.

गाव जगाला माहीत झालं ते त्याच्या कागदांमुळे. जमिनीच्या व्यवहारांचे इथले दस्त १२२४ पासूनचे आहेत. १९७० च्या दशकात एका अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने ते वाचले, चर्चमधल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या चाळल्या आणि घराण्यांच्या वंशावळी जुळवल्या. त्याच्याच देशातल्या एका राज्यशास्त्रज्ञ बाईंनी पुढे ही सामग्री आपल्या मांडणीत वापरली आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ‘सगळ्यांचं कुरण म्हणजे शेवटी उजाड कुरण’ हे १९६८ पासून गाजत असलेलं म्हणणं खोडून काढायला ट्योर्बेल हाताशी आलं. तेव्हापासून हे गाव एक उदाहरण होऊन बसलंय, आणि उदाहरणाचं जे होतं तेच त्याचंही झालं. त्यातला सोयीचा भाग तेवढा सांगितला जातो.

सोयीचा भाग म्हणजे १५१७ चा नियम. हिवाळ्यात जेवढ्या गायी पोसता येतील, त्याहून जास्त गायी कुणी उन्हाळ्यात वरच्या कुरणावर, म्हणजे आल्पवर, सोडायच्या नाहीत. नियम एका ओळीचा आहे, पण त्यातली मेख बघण्यासारखी आहे. आल्प सामाईक, पण गवत कापायची खालची कुरणं खासगी. राईची शेतं आणि खालच्या उतारावरचे द्राक्षमळेही खासगी, आणि तेही वारसांत वाटून वाटून रुमालाएवढे झालेले. (घरंसुद्धा मजल्यामजल्याने वाटली जात. खालचा मजला एका भावाचा, वरचा दुसऱ्याचा.) हिवाळ्यात गाय गोठ्यात बांधून असते. तेव्हा तिच्या दावणीत काय पडणार, हे तुमच्या मालकीच्या कुरणात किती गवत निघालं त्यावर ठरतं. म्हणजे सामाईक गोष्टीचा वापर प्रत्येकाच्या खासगी गवताने बांधून टाकलेला. वसंतात दहा गायी विकत घ्याव्या, फुकटच्या चाऱ्यावर पोसाव्या आणि पानगळीत बाजारात उभ्या कराव्या, हा धंदा त्यामुळे करताच येत नव्हता.

गायी वर निघायच्या आधी मोजल्या जात. चीजची वाटणी गायींच्या संख्येवर, आणि आल्पवरच्या वाटा, झोपड्या, हिमलोटाने पाडलेली कुंपणं उभी करायचं कामही त्याच हिशेबाने. देखरेखीला गावाने नेमलेला मुखत्यार असे. तो दंड करी आणि दंडातली अर्धी रक्कम स्वतः ठेवी. पाच शतकांपूर्वीच्या शेतकऱ्यांना माणसाचा स्वभाव चांगलाच ठाऊक होता, एवढंच म्हणतो.

मात्र १५१७ च्या आधी १४८३ येतं, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे. १ फेब्रुवारी १४८३ रोजी गावकऱ्यांनी आल्प, जंगल आणि पडीक जमीन यांच्यासाठी रीतसर मंडळी स्थापली. तिच्या कलमांत स्पष्ट लिहिलंय की बाहेरच्याने गावात जमीन विकत घेतली, तरी आल्पवर किंवा जंगलातल्या लाकडावर त्याला काडीचा हक्क मिळणार नाही. त्याला सामावून घ्यायचं की नाही, ते आधीपासून हक्क असलेले ठरवतील. गायी किती, हे ठरायच्या चौतीस वर्षं आधी माणसं कोण, हे ठरलं होतं. सहकाराचा आदर्श म्हणून गावाचा फोटो लावणारे हे कलम बहुधा तळटीपेत टाकतात.

हक्क असलेल्याला इथे ‘बुर्गर’ म्हणतात, आणि या शब्दाने भल्याभल्यांचा गोंधळ होतो. नागरिक म्हणावं तर चुकतं, रहिवासी म्हणावं तर आणखी चुकतं. आपल्याकडचा मिरासदार (वंशपरंपरेने जमीन धरणारा) आणि उपरी (बाहेरून आलेला) हा भेद डोळ्यांसमोर आणला तर निम्मं कळतं. पण मिरास जमिनीला चिकटलेली असे, ती विकता येई. बुर्गरपण रक्तातून येतं. त्या दृष्टीने गोव्यातल्या ‘गावकरी’ या गावजमिनीच्या सामाईक संस्थेतला गावकार त्याला जास्त जवळचा. हक्क बापाकडून मुलाकडे जातो, मग मुलगा कुठेही राहो.

१७९८ मध्ये फ्रेंच फौजांच्या मागोमाग नवं प्रजासत्ताक आलं आणि सगळे समान ठरले. मग गावाचं जंगल कुणाचं? तोडगा निघाला तो असा, की गावाचेच दोन भाग करायचे. एक रहिवाशांची गावसभा, दुसरी बुर्गरांची. १८४८ च्या संघराज्य घटनेने स्विस माणसाला कुठेही जाऊन राहायची मुभा दिली, तीही आधी फक्त ख्रिश्चनांना. ज्यूंना ती १८६६ मध्ये मिळाली. १८७४ च्या घटनेने नव्या रहिवाशाला गावच्या कारभारात मत दिलं, पण त्याच कलमात एक पाचर मारून ठेवली. बुर्गरांच्या मालमत्तेतला वाटा आणि निव्वळ त्यांच्या बाबींतलं मत यातून वगळलं. १४८३ चं कलम असं देशाच्या घटनेत जाऊन बसलं. वालिसमध्ये तर वेगळी बुर्गर समिती निवडली नसेल, तर रहिवाशांचीच समिती बुर्गरांचाही कारभार बघते. म्हणजे टेबल तेच, माणसं तीच, आणि विषय बदलला की टोपी बदलायची.

स्विस पासपोर्टवर आजही जन्मगावाऐवजी मूळगाव छापतात. तीन पिढ्या झुरिकमध्ये गेलेल्या माणसाचं मूळगाव असं एखादं डोंगरातलं खेडं असू शकतं, जे त्याने पाहिलेलंही नसतं. बायकांचं प्रकरण वेगळंच. लग्न झालं की मूळगाव नवऱ्याचं. १९८८ पासून स्वतःचंही ठेवता येऊ लागलं आणि २०१३ पासून लग्नाने काही बदलत नाही. मतदानाचा हक्क त्यांना वालिसमध्ये १९७० ला आणि देशपातळीवर १९७१ ला मिळाला. म्हणजे मंडळी स्थापन होऊन जवळजवळ पाचशे वर्षं उलटल्यावर.

बाकी बदल खालून आले. १८९१ मध्ये खोऱ्यातून मॅटरहॉर्नच्या पायथ्याच्या त्सरमाटची आगगाडी धावू लागली. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खाली फिस्प या गावाला रसायनांचा कारखाना उभा राहिला. ट्योर्बेलसारख्या गावांतले पुरुष पाळी करून वर यायचे आणि उरलेल्या उजेडात गवत कापायचे. त्यांच्यासाठी ‘कामगार-शेतकरी’ असा जोडशब्दच रूढ झाला. पगार आला तशा गायी घटल्या. राईची शेतं गवताला दिली गेली. दगडी चकत्यांवर उभी असलेली लाकडी धान्याची कोठारं (उंदीर चढू नयेत म्हणून या चकत्या) रिकामी झाली, आणि आता ती सुट्टीच्या घरांच्या जाहिरातीत दिसतात. पाटाच्या पाण्याची पारंपरिक व्यवस्था आणि गायी आल्पवर नेण्याचा उन्हाळी हंगाम, या दोन्हींची नोंद २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली.

दरम्यान आल्पवरच्या चराईला बर्नमधलं संघराज्य सरकार अनुदान देऊ लागलंय. प्रत्येक आल्पसाठी जनावरांचा आकडा ठरवून दिलेला असतो. त्याहून फार जास्त गायी नेल्या तर अनुदान कापतात. फार कमी नेल्या तरी कापतात, कारण चरायला कुणी नसलं की झुडपं वर चढतात आणि मागोमाग जंगल येतं.