त्वचेचे अतिनील परीक्षण

साध्या उजेडात न दिसणारे किंवा जेमतेम जाणवणारे त्वचेवरील बदल अतिनील (जंबुपार) किरणांखाली पाहून अथवा त्यांची छायाचित्रे घेऊन रोगनिदानाला आधार मिळवण्याची पद्धत. बहुतेक वेळा हे काम हातात मावणाऱ्या एका दिव्यावर भागते. त्वचारोगतज्ज्ञ त्याला ‘वुड्स लॅम्प’ म्हणतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यम्स वुड यांनी १९०३ मध्ये निकेल ऑक्साइड मिसळलेल्या बेरियम सिलिकेटची काच तयार केली. ती दिसणारा प्रकाश जवळजवळ सगळा अडवते आणि ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण पलीकडे जाऊ देते. त्यांत ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचे सर्वाधिक असतात. १९२५ मध्ये बुरशीने बाधित केस ओळखण्यासाठी या काचेचा उपयोग झाला आणि तिथून ती त्वचारोगशास्त्रात आली.

त्वचेवरची किंवा त्वचेतली काही द्रव्ये हे अदृश्य किरण शोषून घेतात आणि त्या ऊर्जेचा काही भाग अधिक तरंगलांबीच्या, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या, प्रकाशाच्या रूपाने परत सोडतात. याला अनुस्फुरण म्हणतात. त्वचेच्या खालच्या थरातले कोलाजेन (त्वचेला बळकटी देणारे प्रथिन) निळसर चमकते. वरच्या थरातले मेलॅनिन हे रंगद्रव्य मात्र किरण गिळते आणि या चमकेवर पडद्यासारखे काम करते. कोडाच्या डागात मेलॅनिन उरलेले नसते, म्हणून तो डाग निळसर पांढरा लखलखतो आणि त्याची कड रेखल्यासारखी स्पष्ट होते. गोऱ्या त्वचेवर दिवसाच्या उजेडात मुळीच न दिसणारे कोड अशा वेळी एकदम समोर येते. रंग फक्त फिका पडला असेल, तर इतकी चमक येत नाही. जन्मापासूनचा फिका डाग आणि कोड यांतला फरक त्यावरून कळू शकतो. वांगाच्या बाबतीत नियम उलटा आहे. रंगद्रव्य वरच्या थरात असेल तर डाग अधिक गडद दिसतो, खोलवर असेल तर फारसा बदलत नाही. पण त्वचेचा तुकडा तपासल्यावर हे अनुमान अनेकदा चुकलेले आढळते, त्यामुळे वांगाची खोली ठरवायला एकट्या दिव्यावर विसंबू नये.

जंतूंच्या बाबतीत रंगच बोलतात. जांघेत, काखेत किंवा पायाच्या बोटांच्या बेचक्यात तपकिरी चट्टा असला की तो हमखास गजकर्ण समजला जातो आणि बुरशीवरची मलमे सुरू होतात. तोच चट्टा दिव्याखाली प्रवाळासारखा लाल उजळला, तर तो एरिथ्रास्मा, म्हणजे कोरिनेबॅक्टेरियम जातीच्या जिवाणूंचा संसर्ग. हा लाल रंग जिवाणूंनी तयार केलेल्या पोर्फिरिन या द्रव्याचा असतो आणि ते धुण्याने निघून जाते. डॉक्टरांकडे जायचे म्हणून रुग्ण स्वच्छ आंघोळ करून येतो आणि नेमका पुरावाच वाहून जातो. तपासणीआधी ती जागा धुऊ नका, हे अपॉइंटमेंट देतानाच सांगायला हवे.

डोक्यातील नायटा मायक्रोस्पोरम गटातल्या काही बुरशींचा असेल तर बाधित केस हिरवट चमकतात. तो एकेक केस चिमट्याने उपटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. आंधळेपणाने दहा केस उपटावे लागत नाहीत. मात्र ट्रायकोफायटन गटातल्या बहुतेक बुरशी चमकतच नाहीत आणि अंगावरचा गजकर्णही सहसा अंधारलेलाच राहतो. चमक दिसली नाही म्हणून बुरशी नाही, असे म्हणणे ही या दिव्याच्या वापरातली सर्वांत महागडी चूक आहे. शिबे पिवळसर सोनेरी, तर स्यूडोमोनास जिवाणूंनी ग्रासलेली जखम हिरवी दिसते.

छायाचित्रण दोन तऱ्हांनी होते. एकात कॅमेऱ्याच्या भिंगावर फक्त अतिनील किरण आत सोडणारा फिल्टर बसवतात. त्वचेवरून परतलेले किरण टिपले जातात आणि मेलॅनिन जिथे दाट, तिथे काळे दिसते. उन्हाने झालेले, अजून नजरेला न आलेले ठिपकेही उमटतात. सनस्क्रीन लावलेला भाग काळा आणि सुटलेला भाग उजळ येतो. दुसऱ्या तऱ्हेत परतणारे अतिनील किरण भिंगापाशी अडवून केवळ अनुस्फुरणाचा रंग टिपतात. कोडावरच्या उपचारांचा परिणाम पाहताना छायाचित्र स्मरणापेक्षा भरवशाचे, पण दर वेळी अंतर, प्रकाश आणि कॅमेऱ्याची मांडणी तीच असली पाहिजे. आता ३६५ नॅनोमीटरचे एलईडी डर्मोस्कोपमध्येही (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या उपकरणात) बसवलेले असतात.

परीक्षणासाठी खोलीत पूर्ण अंधार लागतो. पाऱ्याचा जुना दिवा मिनिटभर तापू द्यावा, डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि दिवा त्वचेपासून १० ते १५ सेंटिमीटरवर धरावा. रुग्णाने त्याच्याकडे पाहू नये. चेहरा तपासताना डोळे मिटून घ्यावेत. कपड्यांचे धागे, साबणाचे अंश, व्हॅसलिन, सॅलिसिलिक ॲसिडचे मलम हे सगळे आपापल्या रंगात चमकते आणि फसवते. शंकास्पद चमक ओल्या कापसाने पुसून पाहिली की मलम बहुधा उघडे पडते, पण एरिथ्रास्माचा संशय असेल तिथे कापूस लावण्याआधी छायाचित्र घेऊन ठेवावे.