टीएसएच दुप्पट झालं, म्हणजे नेमकं किती बिघडलं?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या एक काकू गणपतीत प्रसाद द्यायला आल्या, तेव्हा मोदकांच्या डब्याखाली दोन रिपोर्ट होते. मे महिन्यातल्या कागदावर टीएसएच ३.१, नव्या कागदावर ६.२ आणि पुढे ठळक अक्षरात ‘हाय’. म्हणाल्या, "अगं, थायरॉइड दुप्पट वाढलंय माझं. म्हणून परवापासून गोळी अर्धीच घेतेय."

हा गैरसमज मी इतक्या घरांत ऐकला आहे की आता लिहायलाच हवं. जीवरसायन शिकवण्यात माझी वर्षं गेली आणि गेली ११ वर्षं मीही थायरॉइड कमी पडतं म्हणून रोज सकाळी ती इवलीशी गोळी घेते.

टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक (हार्मोन), आणि ते थायरॉइडमध्ये तयार होतच नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीत तयार होतं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी टी-४ हे स्वतःचं संप्रेरक बनवते, आणि आपली गोळी म्हणजेही टी-४च. रक्तात ते कमी पडलं की पीयूषिका टीएसएच वाढवून थायरॉइडला कामाला लावते. जास्त झालं की टीएसएच आवरतं घेते. म्हणजे उपचार चालू असताना टीएसएच वाढलं, तर बहुतेक वेळा टी-४ कमी पडतंय. काकूंनी नेमकं उलट केलं होतं.

आता ते ‘दुप्पट’. इथे मला थोडं गणित करू द्या, कारण या सगळ्यात मला सर्वांत सुंदर वाटतं ते हेच. टी-४ आणि टीएसएच यांचं व्यस्त नातं शाळेतल्या ‘माणसं जास्त, दिवस कमी’ या उदाहरणासारखं नाही. फ्री टी-४, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेलं मोकळं टी-४, निम्म्यावर आलं तर टीएसएच ढोबळमानाने शंभरपट होतं. अकरावी-बारावीत वापरलेली लॉगची कोष्टकं आठवा. २ चा लॉग ०.३०, १०० चा २. म्हणजे लॉगच्या पट्टीवर टीएसएच दुप्पट होणं ही शंभरपटीच्या वाटेवरची जेमतेम सातव्या हिश्शाची मजल. तोच हिस्सा टी-४ च्या बाजूला लावला की उत्तर येतं सुमारे १० टक्के. काकूंचं फ्री टी-४ समजा १.२ होतं, तर ते १.०८ च्या आसपास आलं असेल. तो आकडा पाहून कुणाच्याही लक्षात काही आलं नसतं, कारण तो नॉर्मलच्या हद्दीत आहे. पीयूषिकेच्या मात्र लक्षात आलं, आणि तिने तो १० टक्क्यांचा फरक टीएसएच दुप्पट करून कागदावर मांडला. डॉक्टर आधी टीएसएच बघतात ते या संवेदनशीलतेमुळे. याच कारणाने २.१ चं २.९ झालं म्हणून झोप उडवून घेऊ नये. टीएसएच दिवसातही हलतं. रात्री चढतं, दुपारी उतरतं. सकाळी सातचा आकडा आणि दुपारी तीनचा आकडा शेजारी ठेवून तुलना होत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. तळाला भोक आहे आणि रोज साठ्याचा साधारण दहावा भाग गळतो. रोजची गोळी म्हणजे वरून ओतलेली बादली. टी-४ चा अर्धायुकाल, म्हणजे साठा निम्मा व्हायला लागणारा वेळ, सुमारे ७ दिवसांचा, त्यामुळे डोस बदलला की पहिल्या आठवड्यात बदलाचा निम्माच परिणाम दिसतो. दुसऱ्यात ७५ टक्के, तिसऱ्यात ८७, चौथ्यात ९४, सहाव्यात ९८. पीयूषिका तर त्याच्याही मागून चालते. म्हणून डोस बदलल्यावर तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी. पंधरा दिवसांत घाईने केलेली तपासणी अर्धवट भरलेली टाकी मोजते.

यातूनच एक गंमतीशीर रिपोर्ट तयार होतो. महिनाभर गोळ्या बुडवायच्या आणि तपासणीच्या आधी चार दिवस नेमाने घ्यायच्या. मग टी-४ ठीक दिसतं आणि टीएसएच वाढलेलं. टी-४ परवापासूनचं सांगतं, टीएसएच गेल्या महिना-दीड महिन्याचं. तपासणीच्या दिवशी रक्त देऊन मगच गोळी घ्या, कारण गोळीनंतरचे काही तास फ्री टी-४ वर चढलेलं असतं.

लॅब बदलली असेल तर एककही वाचा. एक लॅब फ्री टी-४ १.२ लिहिते, दुसरी १५.४. पहिली नॅनोग्रॅममध्ये मोजते, दुसरी पिकोमोलमध्ये, रक्त तेच.

केसगळतीसाठी बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व घेत असाल तर लॅबला आणि डॉक्टरांना नक्की सांगा. शरीराला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम पुरतं. त्या गोळ्यांत बऱ्याचदा १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे तीनशे पटींहून जास्त. तपासणीची अनेक यंत्रं रेणू पकडायला बायोटिनचीच चिकटण्याची शक्ती वापरतात. रक्तात त्याचा पूर असला की टीएसएच खोटंच कमी आणि टी-४ खोटंच जास्त दिसतं. निदान दोन दिवस आधी ते थांबवावं. आणि व्हॉट्सॲपवर फिरणारं ते ‘धण्याच्या पाण्याने थायरॉइड मुळापासून बरा’ प्रकरण: धणे आमटीत उत्तम लागतात, पण नष्ट झालेली ग्रंथी त्यांनी उगवत नाही. त्यावर विसंबून गोळी सोडलेली माणसं सुजलेल्या चेहऱ्याने आणि जड झालेल्या आवाजाने परत येताना मी पाहिली आहेत, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

गरोदरपणात, पीयूषिकेच्या आजारात किंवा थायरॉइडच्या कर्करोगानंतर हे आकडे वेगळ्या नियमाने वाचतात. ते डॉक्टरांकडूनच समजून घ्यावं.

काकूंच्या टाकीची बादली कुठे सांडत होती? मी विचारलं, मेनंतर नवीन काय सुरू केलंत? पावसाळ्यात गुडघे धरले म्हणून कॅल्शियम. कधी घेता? "थायरॉइडच्या गोळीबरोबरच, म्हणजे विसरायला नको." कॅल्शियम आतड्यातच टी-४ ला धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. लोहाची गोळीही तेच करते. या दोन्ही आणि थायरॉइडची गोळी यांच्यात ४ तासांचं अंतर हवं.

तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळी पूर्वीइतकीच ठेवली, कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर घ्यायला सांगितलं. काकूंनी माझ्याच भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठ आठवडे मोजले आणि भाऊबीजेनंतरच्या सोमवारी पेनने गोल केला. बाजूला लिहिलं, ‘रक्त. गोळी नंतर.’