मर्फी, आर्थर

(२७ डिसेंबर १७२७–१८ जून १८०५). इंग्रजी नाटककार, काही काळ नट, पुढे बॅरिस्टर. जन्म आयर्लंडमधील रॉसकॉमन परगण्यात. शिक्षण फ्रान्समधील सेंट ओमर येथील जेझुइट विद्यालयात. लंडनला आल्यावर त्याने ग्रेज इन जर्नल हे साप्ताहिक चालविले (१७५२–५४). त्यासाठी एका फ्रेंच नियतकालिकातून उचलून भाषांतरिलेली एक कथा मुळात इंग्रज साहित्यिक सॅम्युएल जॉन्सनच्याच रॅम्ब्लर ह्या नियतकालिकामधली निघाली. माफी मागायला गेलेला मर्फी जॉन्सनचा कायमचा स्नेही झाला.

कर्ज फेडण्यासाठी तो रंगभूमीवर उतरला. ऑक्टोबर १७५४ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात ऑथेल्लोची भूमिका व पुढील हंगामात तेथील ड्रुअरी लेन नाट्यगृहात काम, एवढीच त्याची नटगिरी. पण तिची किंमत त्याला मोजावी लागली : नट म्हणून वकिलीच्या शिक्षणासाठी आधी नकार आला, मग १७५७ मध्ये लिंकन्स इन ह्या वकिलांच्या संस्थेने प्रवेश दिला. नाटकाने झपाटलेल्या शिकाऊ उमेदवाराची थट्टा करणारे द अप्रेंटिस (१७५६) हे प्रहसन त्याच सुमाराचे. व्हॉल्तेअरवरून रचलेली द ऑर्फन ऑफ चायना (१७५९) आणि द ग्रीशन डॉटर (१७७२) ह्या शोकात्मिकांपेक्षा द वे टू कीप हिम (१७६०) व नो युवर ओन माइंड (१७७७) ह्या सुखात्मिका सरस आहेत.

मराठी वाचकाला महत्त्वाची ती मर्फीची सुखात्मिका ऑल इन द राँग (१७६१). गो. ब. देवल ह्यांच्या फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा (१८९३) ह्या गद्य नाटकाचा, म्हणजेच पदांसह १९१६ मध्ये आलेल्या संगीत संशयकल्लोळचा, उगम कोठे, ह्याविषयी लेखन एकसारखे नाही. पुष्कळदा थेट फ्रेंच नाटककार मोल्येरच्या स्गानारेल (१६६०) ह्या नाटकाचे नाव दिले जाते. मूर्च्छित तरुणीला सावरणारा नवरा, ते पाहणारी बायको, तिच्या हाती लागलेली तसबीर हा सांगाडा मोल्येरचा आहे, हे खरेच. परंतु स्गानारेल एकांकी व पद्यात आहे. तेथे संशय प्रसंगातून उपजतो. मर्फीच्या पाच अंकांत सर जॉन रेस्टलेस व त्याची पत्नी हे दोघेही स्वभावानेच संशयी. देवलांच्या नाटकातील फाल्गुनराव-कृत्तिका ह्या पतिपत्नीचे नाते ह्या जोडप्याशी अधिक जवळचे दिसते. त्यामुळे मोल्येरचे कथानक मर्फीच्या नाटकामार्फत देवलांपर्यंत आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नायिका रेवतीला गणिकेची मुलगी करून तिचा प्रियकर अश्विनशेठ ह्याच्या शंकेला निराळीच धार आणली, ती मात्र देवलांची. मर्फीची नायिका बेलिंडा घरंदाज आहे.

१७६२ मध्ये सनद मिळाल्यावर त्याने वकिली केली. ग्रंथस्वामित्वाच्या डोनल्डसन विरुद्ध बेकेट (१७७४) ह्या खटल्यात तो पुस्तकविक्रेता डोनल्डसनच्या बाजूने वकील म्हणून उभा होता. रोमन इतिहासकार टॅसिटसचे भाषांतर (१७९३) व नट गॅरिकचे चरित्र (१८०१) ही उतारवयातील कामे. १८०३ मध्ये राजाकडून वार्षिक २०० पौंडांचे निवृत्तिवेतन मिळाले. लंडनमधील नाइट्सब्रिज येथे तो निधन पावला.