दात सरकतो तेव्हा हाडात काय घडतं?

दिवाळीच्या फराळाला बसण्याआधी भाचीने दात सरळ करणारा पारदर्शक ट्रे, म्हणजे अलायनर, काढून डबीत ठेवला आणि विचारलं, "मामा, कॉलेजात हा घालून बोलायला नको वाटतं. दिवसा काढून ठेवला आणि रात्री घट्ट बसवला तर नाही का चालणार? डॉक्टर रोज बावीस तास म्हणतात, पण इतके कशाला?" तिच्या हातात चकली होती. मी म्हटलं, "आधी ती खा. उत्तर त्या चकलीतच आहे."

चकली फोडताना दाढेवर कित्येक किलोंचा भार येतो. आपण आयुष्यभर चावत असतो, तरी दात जागचे हलत नाहीत. उलट अलायनरने एक दात सरकवायला, दाताचा आकार आणि हालचालीचा प्रकार यांनुसार, साधारण ३५ ते १२० ग्रॅम जोर पुरतो. म्हणजे किलोंनी जे होत नाही ते ग्रॅमांनी होतं! हे कोडं सुटलं की बावीस तासांचा हट्टही उलगडतो.

दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यात जेमतेम ०.२ मिलिमीटरची फट असते आणि त्या फटीत तंतूंचं एक जाळं असतं. त्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. तंबू दोरांनी ताणून धरावा तसा दात या तंतूंनी चहूबाजूंनी तोललेला असतो. फटीत रक्तवाहिन्या, पेशी आणि द्रवही असतो. चावण्याचा भार सेकंदाच्या आतच येऊन जातो. तेवढ्यात द्रवाला बाजूला सरायला वेळ मिळत नाही आणि दात जागीच राहतो. दाब काही सेकंद टिकला की द्रव सरकतो, दात फटीतल्या फटीत कलतो, एका बाजूचे तंतू दबतात, दुसऱ्या बाजूचे ताणले जातात.

इथून पुढचं मला सर्वांत आवडतं. दबलेल्या बाजूला रक्तपुरवठा कमी होतो आणि पेशी रासायनिक निरोप सोडू लागतात. त्यात प्रोस्टाग्लँडिन असतं, आणि आरएएनकेएल नावाचं एक प्रथिनही. हाडं कुरतडणाऱ्या पेशींचे पूर्वज रक्तातून येतात. त्यांच्या पृष्ठभागावर आरएएनके हा ग्राहक, म्हणजे निरोप पकडणारं प्रथिन, असतो. त्यात आरएएनकेएल बसलं की या पूर्वज पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांची एक मोठी पेशी बनते, ती ऑस्टिओक्लास्ट. ही पेशी हाडाला चिकटून कडेने जागा बंद करते, आत आम्ल सोडून खनिज विरघळवते आणि मग उरलेलं कोलॅजन एका विकराने कापून काढते. ताणलेल्या बाजूला ऑस्टिओब्लास्ट या पेशी नवीन हाड रचतात. एकीकडची भिंत खोदली जाते, दुसरीकडची बांधली जाते, आणि भिंतींसोबत दात पुढे जातो. ट्रे फक्त दाब देतो, बाकीचं काम या पेशींचं.

दंतरोपण, म्हणजे इम्प्लांट, थेट हाडाशी जुळलेलं असतं, मध्ये लिगामेंट नसतं. त्यावर महिनोन्‌महिने दाब दिला तरी ते जागचं हलत नाही. म्हणून दात सरळ करणं आणि इम्प्लांट बसवणं, दोन्ही करायचं असेल तर सहसा दात आधी सरळ करतात.

जोर वाढवला तर काम लवकर होईल, असं पुष्कळांना वाटतं. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांचे कुत्र्याच्या दातांवरचे प्रयोग १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत दाबाच्या बाजूला काचेसारखा दिसणारा, पेशी नसलेला भाग आढळला. दाब रक्तकेशिकांतल्या दाबापेक्षा जास्त झाला की रक्त थांबतं आणि पेशी मरतात. मग हाड आतल्या बाजूने, लांबून पोखरावं लागतं आणि दात काही दिवस अडकून बसतो. १९३२ मध्ये श्वार्झ यांनी चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम ही मर्यादा सुचवली ती याच विचाराने. रात्री घट्ट ट्रे लावण्याची भाचीची युक्ती इथेच बारगळते.

आता तास. दाब सलग साधारण चार ते सहा तास टिकल्याशिवाय पेशींची ही यंत्रणा नीट कामालाच लागत नाही. नुसती रात्र धरली तर काहीतरी हालचाल होईल, पण दिवसभर दात मागे सरकत राहील. एका ट्रेचं पाऊल साधारण पाव मिलिमीटर असतं. ते पूर्ण झालं नाही तर पुढचा ट्रे दातावर नीट बसत नाही, कडेला फट दिसते. ही फट दिसली तर पुढच्या ट्रेवर उडी मारू नये, डॉक्टरांना दाखवावं. शिवाय प्लास्टिक तोंडात बसल्यावर सैलावत जातं. जोर पहिल्या तासांत जास्त असतो, मग ओसरतो. म्हणून ट्रे सारखा काढणं-घालणं नको.

दातांवर चिकटवलेल्या दाताच्याच रंगाच्या गाठींचा तरुण मुलामुलींना राग येतो. पण सुळा किंवा उपदाढ गोलसर असते, गुळगुळीत प्लास्टिक तिला पकडून फिरवू शकत नाही. गाठ हीच ट्रेची मूठ. ट्रे घालून चहा नको (गरम पेयाने आकार बिघडतो), धुवायलाही कोमटाहून गरम पाणी नको. हळदीचा रंग प्लास्टिकवर बसतो, म्हणून वरणभातापुरताही ट्रे काढावाच. आणि दुखलं तर आयब्युप्रोफेनवर दिवसेंदिवस राहू नये. ते प्रोस्टाग्लँडिनच रोखतं, ज्यावर दाताची हालचाल अवलंबून आहे. गोळी कोणती घ्यायची ते डॉक्टरांना विचारावं.

हीच भाची तान्ही असताना तिला वरचा दात आधी आला आणि घरातल्या मोठ्यांनी मामावर संकट येणार म्हणून धास्ती घेतली होती. दात येण्याचा क्रम बहुतांशी आनुवंशिक असतो, मामाचा त्याच्याशी काही संबंध नाही. ती भीती मागे पडली, पण आता जाहिरातींवर तसाच विश्वास बसतो आहे. कंप देऊन हाड लवकर बदलवणारी उपकरणं विकली जातात, पण चाचण्यांत त्यांचा ठोस फायदा दिसलेला नाही. घरबसल्या ठसे घेऊन ट्रे पाठवणारी अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि अनेकांचे उपचार मध्येच राहिले. हिरड्यांच्या आजाराने हाड आधीच झिजलेलं असेल तर सरकवताना दात आणखी खिळखिळा होऊ शकतो. ते हिरड्या तपासून आणि एक्स-रे काढूनच कळतं, फोनवर काढलेल्या फोटोत नाही.

भाचीने सगळं ऐकून घेतलं, दात घासले आणि ट्रे परत बसवला. मग विचारलं, "शेवटचा ट्रे झाला की सुटका ना?"

हाड काही महिन्यांत स्थिरावतं. पण हिरडीतले काही तंतू नव्या जागेशी जुळायला वर्षभर घेतात, आणि तोवर दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. म्हणून रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारा ट्रे किंवा तार. आधी डॉक्टर सांगतील तितके तास, पुढे रात्रीपुरता.

"किती वर्षं?" तिने विचारलं.

"दात सरळ हवेत तितकी."

तिने डबीचं झाकण लावलं आणि ती दप्तरात टाकली, सोमवारच्या कॉलेजसाठी.