तड्यावर सोल्यूशन फासून का भागत नाही?

पीव्हीसी पाइपच्या तड्यावर खाण्याचा सोडा भुरभुरवायचा आणि वर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे चार थेंब सोडायचे, की पाइप ‘नव्यासारखा’! पावसाळ्याच्या तोंडावर अशा चित्रफिती मोबाइलवर फिरत असतात. टेबलावरच्या तुकड्याला ते शोभतं. पण गोराई किंवा वांद्र्याच्या गावठाणातल्या बैठ्या घरापासून फाटकावरच्या दिव्यापर्यंत दीड-दोन फूट मातीखालून गेलेला वायरिंगचा पाइप वेगळ्या हालात असतो. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, वरून गाडी गेली की दबते. सोड्यामुळे तो गोंद क्षणात कडक आणि ठिसूळ होतो आणि तडा त्याच्या कडेनेच पुन्हा उघडतो.

दुसरे लोक हार्डवेअरच्या दुकानातून पाइप जोडायच्या सोल्यूशनचा डबा आणतात आणि तड्यावर फासतात. वस्तू योग्य आहे, वापर चुकीचा. ती काय करते ते नीट पाहण्यासारखं आहे.

पीव्हीसी म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांचा गुंता. पाइपच्या प्रतीच्या पीव्हीसीत एका साखळीला साधारण हजार दुवे असतात. सुमारे 80 अंश सेल्सिअसच्या खाली या साखळ्या जागच्या जागी थिजलेल्या असतात, म्हणून पाइप कडक. सोल्यूशनमध्ये टेट्राहायड्रोफ्युरान, सायक्लोहेक्झानोन यांसारखे द्रावक असतात आणि त्यांत थोडं पीव्हीसी विरघळवलेलं असतं. द्रावकाचे छोटे रेणू साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींपासून सैल करतात. थिजण्याचं तापमान 80 वरून खोलीच्या तापमानाखाली उतरतं आणि पृष्ठभागावरचा पातळ थर जेलीसारखा होतो. असे दोन मऊ थर एकमेकांवर दाबले की एका बाजूच्या साखळ्या दुसऱ्या बाजूत सरपटत शिरतात. गुंत्यामुळे साखळीला आडवं हलता येत नाही. ओल्या मातीतल्या गांडुळासारखी ती स्वतःच्याच बोगद्यातून पुढे-मागे सरकते. पिएर-जिल द जेन या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने 1971 साली हे गणितात मांडलं. 1991 चं नोबेल त्यांना मिळालं त्यात अशा साखळीदार रेणूंवरच्या (बहुवारिकांवरच्या) कामाचा मोठा वाटा होता. त्यांच्या सिद्धांतानुसार साखळी दुप्पट लांब असेल तर तिला आपला बोगदा सोडायला आठपट वेळ लागतो. नंतर द्रावक उडून जातो, साखळ्या पुन्हा थिजतात आणि दोन भिंतींची एकच भिंत होते. टेट्राहायड्रोफ्युरान 66 अंशांना उकळतो, तो लवकर उडतो. सायक्लोहेक्झानोनचा उत्कलनबिंदू दीडशेच्या वर, तो प्लास्टिकमधून सावकाश बाहेर पडतो. म्हणून सांधा काही मिनिटांत हाताला पक्का वाटला तरी आतून पक्का व्हायला एक दिवस द्यावा.

आता तड्याकडे पाहा. त्याच्या दोन कडा एकमेकींवर दाबलेल्या नसतात. वरून ओतलेल्या सोल्यूशनचा मोठा भाग उडून जातो आणि मागे भेगाळलेली पातळ पापडी उरते. तड्याच्या टोकावर एकवटलेला ताण तसाच राहतो. तडा पुढे सरकतो.

म्हणून खराब भाग कापूनच काढायचा. आधी मेन स्विच बंद. निऑन टेस्टरवर विसंबू नका. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या तपासा. शंका असेल तर परवानाधारक वायरमन बोलवा. मग जुन्या वायरींच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधून वायरी ओढून काढा. हे टाळू नका: वायरीचं आवरणही बहुधा पीव्हीसीचंच, शिवाय मुद्दाम मऊ केलेलं. पाइप जोडणारा द्रावक त्या आवरणातही शिरतो. वायरी हलतच नसतील तर आत गाळ बसलाय; अशा वेळी दुरुस्तीपेक्षा नवी आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) केबल टाकलेली बरी.

तड्याच्या दोन्ही टोकांपुढे 10 सेंटीमीटर सोडून हॅकसॉने सरळ काप घ्या. दोरी आत आहे, ती कापू नका. दोन्ही बाजूंना तीन-चार फूट माती मोकळी केली की 25 मिमीचा पाइप थोडा उचलता येतो आणि साधे कपलर (दोन पाइप जोडणाऱ्या आखूड नळ्या) बसतात. नवा तुकडा त्याच मापाचा आणि जाड भिंतीचा घ्या. तो मोकळ्या जागेपेक्षा चार-पाच मिलिमीटर आखूड कापा, कारण कपलरच्या आतल्या मधल्या कडेची जाडी दोनदा धरावी लागते. कापलेल्या कडांचे काटे आतून कानशीने काढा, नाहीतर ते वायर सोलतात. जोडण्याआधी दोरी नव्या तुकड्यातून आणि कपलरमधून ओवून घ्या.

पाइप आणि कपलर कोरड्या फडक्याने पुसा. मुंबईच्या पावसाळ्यात सांधे बिघडतात ते इथेच. टेट्राहायड्रोफ्युरान पाण्यात सहज मिसळतो, पीव्हीसी मिसळत नाही. पाण्याचा थेंब राहिला की विरघळलेलं पीव्हीसी पांढऱ्या चोथ्यासारखं फाटतं आणि साखळ्या पलीकडे पोचतच नाहीत. दोन्ही बाजूंना पातळ थर लावून पाव फेरा देत पाइप आत ढकला आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. लगेच सोडला तर तो मागे सरकतो. वाफ हवेपेक्षा जड असते आणि पेट घेते. ती खड्ड्यात साचते, तिथे बिडी-काडी नको.

एवढं करूनही पाइपात पाणी येणारच. हवेतल्या बाष्पाचं आत पाणी होतं आणि टोकांतूनही पाणी झिरपतं. पाइप फावड्यापासून आणि खडीपासून वाचवतो, पाण्यापासून वाचवायचं काम वायरीच्या आवरणाचं. लोखंडी फाटकाला हात लावला की झिणझिण्या येतात, तेव्हा काही घरांत वास्तुदोष म्हणून पूजा होते. तो गळतीचा प्रवाह आहे आणि माणूस मरू शकतो. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा, अर्थिंग तपासा.

दुसऱ्या दिवशी त्याच दोरीने नव्या वायरी ओढा. एलईडी दिवे सुटे करून 500 व्होल्टच्या मेगरने (वायरीच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तपासा. दिवे जोडलेले राहिले तर आतलं सर्किट जळू शकतं. आकडा एक मेगाओहमपेक्षा कमी आला तर वायर बहुधा कुठेतरी सोलली गेली आहे, ती परत काढा. ठीक आला तर पाइपाखाली-वर तीन-तीन इंच चाळलेली रेती घाला, वर विटांची एक ओळ लावा, मग माती लोटा.